लिटर विचारू नका, बूड मोजा

या महिन्याच्या टपालात चार पत्रं एकाच वस्तूबद्दल आली: केक फेटायच्या, पीठ मळायच्या स्टँड मिक्सरचा बाऊल. मूळ बाऊल खराब झाला किंवा दुसरा हवा आहे, आणि जुळणारा मिळत नाही. या विषयावर मला मनापासून लिहायचं होतंच. अठरा वर्षं मी कोल्हापुरात राजारामपुरीत घरीच केक, पाव आणि नानकटाई करते. माझे वडील उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे होते, त्यामुळं व्हर्नियर हे बारीक माप घ्यायचं हत्यार धरायला मी पोळी लाटण्याच्या आधी शिकले. पत्रं थोडी आटोपती करून देते आहे.

प्रश्न : ताई, माझ्या मुलानं अमेरिकेहून येताना किचनएडचा मिक्सर आणला. गेल्या महिन्यात माझ्याच हातून बाऊल कट्ट्यावरून फरशीवर पडला. वरचा भाग ठीक आहे, पण बुडाला असलेली गोल कडी वाकली आणि आता तो मशीनवर फिरून बसत नाही. लक्ष्मीपुरीत दोन-तीन दुकानं फिरले. ‘मिक्सरचं भांडं’ म्हटलं की चटणीचं भांडं पुढं करतात. ऑनलाईन एकजण ४.८ लिटरचा बाऊल देतो आहे, ‘सर्व मशीनला चालतो’ असं लिहिलंय. मागवू का? – एक वाचक भगिनी, मंगळवार पेठ

उत्तर : ताई, आज मागवू नका. आधी दोन गोष्टी बघून घ्या, मग अर्ध्या तासात तुम्हालाच कळेल काय मागवायचं ते.

लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराचं काही चुकलं नाही. आपल्याकडं मिक्सर म्हणजे वाटणाचा, आणि त्याचं भांडं म्हणजे पात्याचं. दुकानात ‘केक फेटायच्या स्टँड मिक्सरचा बाऊल’ असं पूर्ण म्हणा आणि फोनमध्ये दोन फोटो ठेवा. एक मशीनचा बाजूनं, दुसरा बाऊल काढून खालच्या बैठकीचा. दुसरा फोटो जास्त कामाचा.

किचनएडची घरगुती मशीनं मुख्यतः दोन जातींची असतात. एकीत मशीनचं डोकं मागं कलतं आणि बाऊल खालच्या गोल बैठकीत फिरवून घट्ट होतो. दुसरीत डोकं हलतच नाही. बाऊलच्या दोन्ही बाजूंना भोकं असलेले कान असतात, ते मशीनच्या दोन हातांवरच्या खुंट्यांत अडकवायचे आणि दांडा फिरवून अख्खा बाऊल वर उचलायचा. तुमचा बाऊल ‘फिरून’ बसायचा, म्हणजे तुमचं मशीन डोकं कलणारं. खात्रीसाठी मशीनच्या बुडाखालचा मॉडेल नंबर लिहून घ्या. प्लग काढा, बीटर म्हणजे फेटायचं पातं काढा, डोक्याची कळ लॉक करा आणि मशीन टॉवेलवर आडवं ठेवा. वजनदार असतं, एकट्यानं करू नका.

आता लिटरचं सांगते, कारण फसगत तिथंच होते. ही मशीनं अमेरिकेत क्वार्टमध्ये मोजतात. एक क्वार्ट म्हणजे ०.९५ लिटरला किंचित कमी. म्हणून ४.५ क्वार्टचा बाऊल सुमारे ४.३ लिटर आणि ५ क्वार्टचा सुमारे ४.७ लिटर. तोच ५ क्वार्टचा आकडा कुठं ४.८ असा छापलेला दिसतो, तर कुणी विक्रेता सरळ ‘५ लिटर’ लिहून मोकळा होतो. किचनएडची केएसएम १५० ही डोकं कलणारी मशीन ५ क्वार्टची आहे आणि के ५ एसएस ही बाऊल उचलणारी मशीनही ५ क्वार्टचीच आहे. दोघांत पाणी सारखंच मावेल, पण एकाचा बाऊल दुसऱ्याला जन्मात बसणार नाही. एकाला बुडाची कडी, दुसऱ्याला कान.

हे एकाच कंपनीचं नाही. बॉशच्या एमयूएम ४ आणि एमयूएम ५ या मालिका घ्या. दोन्हींचा बाऊल ३.९ लिटरचा, पण सुट्या बाऊलचे नंबर वेगळे आणि एकमेकांच्या जागी ते चालत नाहीत. तेव्हा ‘४.८ लिटर, सर्व मशीनला चालतो’ या वाक्यातून तुम्हाला काहीच कळलेलं नाही.

तुमच्या बाजूची एक चांगली गोष्ट आहे. किचनएडच्या डोकं कलणाऱ्या पूर्ण आकाराच्या मशीनांत ४.५ आणि ५ क्वार्टचे बाऊल एकमेकांच्या जागी बसतात. तुमचं मशीन यातलं असेल तर दोन्हींपैकी कुठलाही शोधा. ३.५ क्वार्टचं छोटं मशीन असेल तर मात्र त्याचाच बाऊल लागेल.

मागवण्याआधी जुन्या बाऊलचं माप कागदावर घ्या. वर्तमानपत्रावर बाऊल सरळ ठेवून बुडाच्या कडीभोवती पेन्सिल फिरवा. तुमची कडी वाकलीय, म्हणून मशीनच्या बैठकीच्या तोंडाचंही माप घ्या. व्हर्नियर नसेल तर न ताणणारा दोरा कडीभोवती गुंडाळा, तो पट्टीवर मोजा आणि ३.१४ नं भागा. दोरा ३१.४ सेंटीमीटर भरला तर व्यास १०. मग बाऊल आतून किती खोल आहे ते काठावर पट्टी आडवी ठेवून मोजा. कडीवरचे बैठकीत अडकणारे उंचवटे किती आहेत तेही मोजा. विक्रेत्याला विचारायचं ते हे: कडीचा व्यास, आतली खोली, आणि ‘माझ्या मॉडेल नंबरला बसतो असं लेखी देता का, नाही बसला तर परत घेता का?’ जो बाऊलच्या बुडाचा फोटो पाठवायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये, हे मी अनुभवानं सांगते.

सहा वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात माझ्याकडं बावीस किलो नानकटाईची ऑर्डर होती. हाताशी दुसरा बाऊल असावा म्हणून मी एका विक्रेत्याकडून नुसता लिटरचा आकडा बघून तो मागवला. माझ्या तेव्हाच्या मशीनवर बाऊल बसला. दिसायलाही चांगला बसला. पण बैठकीत फिरून अडकायला हवा तो अडकत नव्हता, नुसता टेकला होता. तूप-साखर फेटताना काही जाणवलं नाही. मैदा पडला, गोळा जड झाला, आणि बाऊल स्वतःच फिरत फिरत वर आला. बीटर काठावर आदळला आणि आतून दात खरडल्याचा आवाज आला. गिअर गेला. त्या रात्री दोन वाजेपर्यंत मी आणि माझी जाऊ परातीत हातानं फेटत होतो. विक्रेत्यानं ‘बसतो म्हणालो होतो, बसलाय की’ एवढंच उत्तर दिलं. तेव्हापासून मी बाऊल ‘बसतो का’ असं विचारत नाही, ‘अडकतो का’ असं विचारते.

म्हणून नवा बाऊल आला की रिकाम्या मशीनवर लावा, घट्ट करा आणि दोन्ही हातांनी वर ओढून बघा. जराही उचलला गेला तर परत करा. जुना बाऊल भंगारात घालू नका, तो दुरुस्त होण्याजोगा आहे. शेवटच्या उत्तरात त्याबद्दल लिहिलंय.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी. अमेरिकेतलं मशीन ११० ते १२० व्होल्टवर चालतं, आपल्या घरात २३० येतात. तुम्ही मधे ट्रान्सफॉर्मर वापरत असालच, पण दुसऱ्या खोलीत मशीन हलवताना घरातल्या कुणी तो विसरून थेट प्लग लावू नये म्हणून वायरीवर चिठ्ठी बांधा.

प्रश्न : सासऱ्यांनी मस्कतहून आणलेला केनवूड कंपनीचा ‘शेफ’ मिक्सर आमच्याकडं आहे. जुना बाऊल पुतण्याच्या मुंजीत हरवला. मॉडेलप्रमाणे नवा घेतला, छान अडकतो, पण बुडाला पीठ तसंच राहतं. बीटर पोचतच नाही. बाऊल चुकीचा आलाय का? – एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : वहिनी, अडकतो आहे म्हणजे बाऊल बहुतेक बरोबरच आहे. शेफच्या जागी केनवूडच्याच मोठ्या ‘मेजर’ मॉडेलचा आला असता तर आकारातच कळलं असतं. शेफचा नेहमीचा बाऊल ४.६ लिटरचा, मेजरचा ६.७ चा. तुमचं काम बीटरच्या उंचीचं आहे.

या मशीनांत बीटर स्वतःभोवती एका दिशेनं फिरतो आणि बाऊलमध्ये गोल दुसऱ्या दिशेनं फिरतो. ग्रह सूर्याभोवती फिरतात तसं. बाऊल जागचा हलत नाही. त्यामुळं बीटर आणि बाऊल यांच्यातली फट फार नेमकी लागते. जास्त झाली तर साखर तळाला बसून राहते, कमी झाली तर स्टील घासून पिठात काळं उतरतं. बाऊल बदलला की ही फट पुन्हा लावायचीच असते. नव्या बाऊलच्या चिठ्ठीत हे कुणी लिहीत नाही, आणि लोक बिचारे बाऊल परत पाठवत बसतात.

केनवूडच्या ‘के’ अक्षराच्या आकाराच्या बीटरच्या आणि तारांच्या विस्कच्या दांड्यावर एक नट असतो. बीटर जागेवर लावा, डोकं खाली घेऊन बुडापासून किती वर आहे बघा. मग डोकं उचला, बीटर धरून पान्ह्यानं नट सैल करा, दांडा फिरवून बीटर खाली आणा आणि नट आवळा. बुडाला जवळजवळ टेकेल पण टेकणार नाही, एवढं अंतर हवं. दोन-तीन वेळा करावं लागेल. प्लग काढून ठेवा.

किचनएडवाल्यांनी हेच काम डिसमिसनं करायचं. डोकं कलवलं की मानेपाशी एक स्क्रू दिसतो. तो डावीकडं किंचित फिरवला की बीटर वर जातो, उजवीकडं फिरवला की खाली येतो. किंचित म्हणजे पाव फेऱ्याहून कमी. फट तपासायची अमेरिकेतली जुनी युक्ती दहा सेंटच्या नाण्याची आहे. ते नाणं १.३५ मिलीमीटर जाड असतं, आपलं रुपयाचं नाणं त्याच्या जवळपास आहे. कोरड्या बाऊलमध्ये नाणं टाका, चपटा बीटर लावा आणि सगळ्यात कमी वेगावर चालवा. दर फेऱ्याला नाणं जरासं सरकायला हवं. बीटर त्याला शिवलाच नाही तर बीटर उंच आहे. नाणं बीटरबरोबर गोल गोल फरफटत गेलं तर फार खाली आहे.

आणि ज्यांच्या मशीनचं डोकं चालू असताना थरथरतं त्यांनी बाऊलला दोष देण्याआधी डोक्याच्या बिजागरीची पिन बघावी. ती सैल झाली की बीटर बाऊलवर आदळतो.

प्रश्न : मी नुकताच घरगुती केकचा व्यवसाय सुरू केलाय. दुसरा बाऊल घ्यावा की एकच धुऊन वापरावा? घ्यायचा तर काचेचा चांगला की स्टीलचा? – एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : घ्याच. कोल्हापुरात केक विकायचा तर गिऱ्हाइकांत जैन, मारवाडी, माळकरी घरं असणारच. त्यांना अंड्याविना केक हवा असतो आणि तो अंड्याच्या बाऊलमध्ये झालेला चालत नाही. धुतलाय म्हणून सांगणं मला पटत नाही. ज्यानं श्रद्धेनं विचारलं त्याला खरं उत्तर देता आलं पाहिजे. माझ्याकडं अंड्याविना केकचा बाऊल, बीटर आणि स्पॅट्युला वेगळा आहे, कडीला हिरव्या रंगाचा ठिपका आहे आणि तो वेगळ्या कपाटात असतो. गुजरीतल्या एक आजी पहिल्यांदा ऑर्डर द्यायला आल्या तेव्हा त्यांनी ते कपाट उघडून बघितलं. आज त्यांच्या नातवांचे वाढदिवस माझ्याकडं असतात. नुसता बाऊल नको, बीटरही दुसरा घ्या, हे विसरलं जातं.

अंड्याचा स्पंज करतानाही दुसरा बाऊल लागतोच. पिवळं फेटून झालं की पांढरं फेटायला कोरडा, तेलाचा अंश नसलेला बाऊल हवा. थोडं जरी तूप राहिलं तरी पांढरं फुगत नाही. म्हणूनच प्लॅस्टिकचा बाऊल मी घेत नाही. चरे पडतात आणि चिकटपणा त्यात राहतो.

काच दिसायला सुंदर, पीठ किती फुगलं ते बाहेरून कळतं, मायक्रोवेव्हमध्ये लोणी मऊ करता येतं. पण जड असते. भरलेला काचेचा बाऊल दिवसातून दहादा उचलून ओतायचा म्हणजे मनगट जातं. शिवाय मे महिन्यात माझ्या पश्चिमेच्या स्वयंपाकघरात क्रीम फेटताना मला स्टीलच लागतं. फ्रीजरमध्ये पंधरा मिनिटं ठेवलं की गार होतं, आणि मधेच क्रीम सैल वाटलं तर बाऊल बर्फाच्या पाण्यात धरला की लगेच आत गारवा पोचतो. काचेला वेळ लागतो. धंद्यासाठी स्टील, धरायला मूठ असलेलं.

तांब्याचा बाऊल घेऊ का असं बऱ्याच जणी विचारतात. अंड्याचं पांढरं तांब्यात घट्ट फेटलं जातं हे खरं आहे. पण दही, लिंबू, ताक घातलेलं पीठ बिनकल्हईच्या तांब्यात ठेवायचं नाही, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. आपल्या अंड्याविना केकमध्ये दही आणि व्हिनेगर असतंच. त्यामुळं नको.

प्रश्न : आईच्या मिक्सरची कंपनी आता सुटे भाग देत नाही. बाऊलला बुडाजवळ चीर गेलीय. मशीन उत्तम आहे. उद्यमनगरात बाऊल बनवून मिळेल का? – एक वाचक, कागल

उत्तर : मिळेल. ज्या गावानं शेतीपंपाची ऑईल इंजिनं ओतली आणि घडवली, तिथं एक बाऊल होणार नाही असं नाही. पण काय करायचं ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे, नाहीतर कारागीर आपल्या अंदाजानं करेल.

आधी चीर कुठं आहे ते नीट बघा. बाऊलच्या भिंतीला नसून बुडाची कडी जिथं जोडलीय तिथं असेल, तर नवं काही बनवायला नको. कडी पुन्हा जोडून घ्या. मंगळवार पेठेच्या ताईंची वाकलेली कडीही अशीच सरळ करता येते, लाकडी हातोडीनं, खाली वाळूची पिशवी घेऊन. लोखंडी हातोडी लावू देऊ नका.

भिंतच फाटली असेल तर जुन्या बाऊलची कडी कापून घ्यायची आणि नव्या स्टीलच्या भांड्याला जोडायची. कडी नव्यानं बनवण्याच्या फंदात पडू नका. मशीनच्या बैठकीत अडकणारा नेमका भाग तोच आहे, आणि तो तुमच्याकडं तयार आहे. नवं भांडं निवडताना जुन्या बाऊलची आतली खोली आणि बुडाची गोलाई जुळवा. सरळ भिंतीचं, सपाट बुडाचं पातेलं चालणार नाही. त्याच्या कोपऱ्यात बीटर पोचत नाही. जाड पुठ्ठा जुन्या बाऊलच्या आतल्या गोलाईत बसेल असा कापा आणि तो पुठ्ठा घेऊन भांड्यांच्या दुकानात जा. दुकानदार विचित्र बघेल, बघू दे.

स्टील ३०४ नंबरचं मागा. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून त्याला १८/८ म्हणतात. स्वस्त २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, आंबट-खारट पिठात ते लवकर डागाळतं. लोहचुंबक लावून फार काही कळत नाही. दोन्ही स्टील मुळात चुंबकाला चिकटत नाहीत, आणि दाबून आकार दिल्यावर ३०४ सुद्धा थोडं ओढतं. बिलावर नंबर लिहून घेणं हाच मार्ग.

जोडकाम आर्गॉन वेल्डिंगनं करून घ्या, ३०८ च्या रॉडनं. ३०४ ला तोच रॉड लागतो. कडी आणि बूड यांच्यामध्ये बंद पोकळी राहणार असेल तर कडीला एक बारीक भोक ठेवायला सांगा. तापलेली हवा निघून जायला वाट हवी, आणि पुढं धुताना आत गेलेलं पाणीही तिथूनच निघेल. एका जागी सुरुवात करून गोल वेल्ड मारत गेला तर कडी ताणली जाऊन तिरकी होते. समोरासमोर वेल्डचे चार ठिपके आधी, मग मधले भाग थोडे थोडे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मध्य. बीटरची फट मिलीमीटर-दीड मिलीमीटरची. कडी दोन मिलीमीटर जरी बाजूला गेली तरी बीटर एका बाजूला घासणार आणि दुसऱ्या बाजूला पीठ राहणार. माझे वडील अशा कामात चारच ठिपके मारून घ्यायचे, भांडं मशीनवर लावून बघायचे आणि मगच पूर्ण वेल्ड करायचे. तुम्हीही मशीन सोबत घेऊन जा. चार ठिपके झाले की आतल्या भिंतीला चार बाजूंना बीटरच्या उंचीवर कणकेच्या बोराएवढ्या गोळ्या चिकटवा, चपटा बीटर लावून सगळ्यात कमी वेगावर दोन-तीन फेरे द्या आणि थांबवा. चारही गोळ्या सारख्या दबल्या तर मध्य बरोबर. एक चपटी आणि समोरची जशीच्या तशी असेल तर ठिपके तोडून कडी सरकवायची. कारागीर कंटाळेल. त्याला आधीच सांगा की या खटपटीचे पैसे वेगळे देणार आहे, आणि द्या.

वेल्ड झाल्यावर आतून-बाहेरून बफिंग करून घ्या. शिवण गुळगुळीत झाली नाही तर पीठ तिथं अडकून आंबतं. घरी आणल्यावर मात्र थेट पीठ मळू नका. बफिंगचा काळा लेप साबणानं निघत नाही. स्वच्छ सुती फडक्यावर शेंगतेल घ्या आणि बाऊल आतून पुसा. फडकं काळं होईल. नवं फडकं घ्या, पुन्हा पुसा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला फडकं पांढरं राहिलं की मग गरम पाणी आणि साबण. पहिला गोळा साध्या कणकेचा मळा, वेग दोनच्या वर नेऊ नका, आणि तो गोळा टाकून द्या. दुसऱ्या गोळ्याचा पाव करा.